शिवेवर संपलेला ओढा

पडद्यावरचा नकाशा अखंड दिसतो. प्रत्यक्षात तो घरातल्या फरशीसारखा चौकोनी तुकडे जोडून मांडलेला असतो. त्या तुकड्यांना टाइल म्हणतात. ताथवड्याच्या एका कंपनीत स्वरूपा विकास आराखड्यासाठी हे तुकडे रंगवून घेत असे. माल चहूकडून यायचा: गावागणिक वेगळी फाइल, रस्त्यांची निराळी, सांडपाण्याची तिसरीच, आणि त्यांची एकमेकींशी सोयरीक सोडाच, तोंडओळखही नसे.

चाकणच्या अंगाची दोन गावे शेजारीशेजारी रंगली, आणि मधला ओढा शिवेवर येऊन सुरीने कापल्यासारखा थांबला. अलीकडच्या गावाच्या फाइलीत तो होता; पलीकडच्या फाइलीत त्याच जागी फिकट पिवळी निवासी जमीन पसरली होती. पाणी शिवेपर्यंत वाहत येते आणि मग समंजसपणे अदृश्य होते, असा भूगोल तिने पीएच.डी. करतानाही वाचला नव्हता.

ओढा तिच्या चांगल्या ओळखीचा होता. पलीकडच्या गावात, विहाराच्या मागे, त्याच्याच काठावर तिचे घर. कारखान्यांची घाण पिऊन तो काळा पडला होता, त्यावर फेस तरंगे. शाळेत मुली तिचे दप्तर हुंगून नाके मुरडत. नकाशात मात्र तो निर्मळ निळा होता, कारण नकाशाच्या शिष्टाचारात पाण्याला एकच रंग असतो.

तिने चूक व्यवस्थापक जयसिंग यांच्यापुढे ठेवली. "सर, पलीकडच्या फाइलीतून ओढा काढून टाकलाय. उद्या तिथे भराव घालून इमारती उठल्या, तर सगळं पाणी आमच्या वस्तीत शिरेल."

जयसिंग पडद्याकडे बघत राहिले. "जोड फारच वाईट दिसतोय हो."

"मग पलीकडे ओढा दाखवू ना?"

"छे छे! अलीकडचाही पुसा. दोन्हीकडे सारखं झालं की जोड दिसणार नाही."

असत्याच्या मापाने सत्य कापून घ्यावे, हे त्यांना टेलरने बाही आखूड करावी इतके सहज सुचले होते.

"आणि वस्ती, सर?"

"कुठल्या फाइलीत आहे तुमची वस्ती? नसलेला ओढा नसलेल्या वस्तीत शिरेल. बिघडलं काय?" आणि ते मनापासून हसले.

"मी पुसणार नाही."

"नका पुसू. सनी पुसेल. तुम्ही आराखड्याच्या सुनावणीला पडदा चालवायला तेवढ्या या."

शेजारच्या टेबलावरच्या सनीने तो पुसला. पण झूम करत नकाशात एकेक पायरी खोल जावे तशा टाइली चौपट होतात. सर्वांत खालचा संच नव्याने रंगवायला फार वेळ लागला असता. "एवढ्या खोलात कोण साहेब बघतोय, राव?" जयसिंग म्हणाले, आणि तो जुना संच तसाच राहिला.

सुनावणीला वस्तीतली माणसे चिखलाच्या चपलांनिशी आली आणि भिंतीकडेला आराखड्यावर हरकती घेणाऱ्यांच्या रांगेत उभी राहिली. जयसिंगांनी नाकाला रुमाल लावला. सुनावणी घेणाऱ्या अधिकाऱ्यांनी पडद्यावरचा सलग पिवळा रंग डोळे भरून पाहिला. "वा! काय सफाई आहे कामात!"

स्वरूपाने माउस हातात घेतला. ती नकाशात उतरू लागली, एकेक पायरी, अगदी तळापर्यंत. तिथे तो होता: निळा, शिवेवर मान तोडलेला.

"हे काय?" अधिकाऱ्यांनी विचारले.

"ओढा. वरच्या सगळ्या नकाशांतून पुसलाय, साहेब."

"जुनी टाइल राहिली, साहेब. तांत्रिक चूक," म्हणत जयसिंगांनी माउसकडे हात नेला.

"ऱ्हाऊ द्या की वो!" रांगेतून शालनबाई, स्वरूपाच्या शेजारीण, कडाडल्या. "आमचाच वढा हाय त्यो. दिसू द्या जरा समद्यांना!"

अधिकाऱ्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. "बाई, तुम्ही कंपनीच्या की हरकतवाल्यांच्या?"

स्वरूपाने गळ्यातले कंपनीचे ओळखपत्र काढून जयसिंगांच्या पुढ्यात ठेवले. "हरकतवाल्यांची."

"मग रांगेत या."

"ये गं स्वरू," शालनबाई सरकल्या, "माझ्याम्होरं ऱ्हा उभी."

ती त्यांच्या मागेच उभी राहिली. चपलांच्या चिखलातून ओढ्याचा तोच जुना वास आला. तिने नाक दाबले नाही.