काकांनी आधी नमुना लावून पाहिला

आमच्या काकांनी रविवारची शर्यत पूर्ण केली. हे वाक्य वाचलंच नाही असं समजा, मीही ते लिहिलं नाही असं समजतो. कारण शुक्रवारी संध्याकाळी काका बाथरूमला कडी लावून आत बसले होते, आणि शर्यतीचं सोडाच, त्यांना खुर्चीवर तरी बसता येईल का, यावर घरात दोन मतं होती.

काका रंगारी. उभा जन्म लोकांची घरं रंगवण्यात गेला. उंचीची भीती नाही, पण पाण्याची होती; बादलीशीसुद्धा अंतर राखून वागायचे. गुडघ्यांनी शिडी चढायला नकार दिला तेव्हा डॉक्टर म्हणाले, पोहायला जा. काका तलावावर जाऊ लागले. म्हणजे उथळ बाजूला कठड्याची दांडी धरून उभे राहू लागले. शिकाऊ पोरं त्यांना खांब समजून वळसा घालायची. उन्हाळा असा दांडीवर गेला. मग एक दिवस त्यांनी दांडी सोडली, आणि घरी येऊन काकूंच्या कानात ही बातमी सांगितली, शेजारी ऐकतील म्हणून.

तलावावर दरवर्षी कुटुंबांची रिले असते. चौघांचा संघ, त्यात एक साठीच्या पुढचा. वहिनी, दादा आणि मी कधीचे तयार होतो, अडत होतं ते साठीवाल्यापाशी. यंदा काकांनी स्वतःहून नाव दिलं. दादा म्हणजे काकांचाच मुलगा. त्याला कौतुक करता येत नाही, म्हणून तो टोमणे मारतो. काकांच्या अंगावरच्या केसांकडे बघून म्हणाला, "बाबा, एवढी घोंगडी अंगावर घेऊन पोहणार? भिजली की वजन दुप्पट होतं." सगळे हसले, काकाही हसले. पण पोहायची चड्डी आखूड, कडेनं घोंगडीचे धागे बाहेर डोकावणार आणि समोर माणसांची गर्दी, हे त्यांच्या डोक्यात बसलं.

वहिनीचं पार्लर आमच्याच पुढच्या खोलीत. तिथून काकांनी केस काढायच्या क्रीमची ट्यूब गुपचूप उचलली. त्यावरची अक्षरं मुंगीएवढी आणि चष्मा दुसऱ्या खोलीत. शिवाय डब्यावरच्या सूचना वाचणारा रंगारी अजून जन्मायचा आहे. पहिला हात पातळ द्यायचा, तो सुकू द्यायचा, मग दुसरा हात जाड, एवढं त्यांना पक्कं ठाऊक. त्यांनी जांघेशी, चड्डीच्या कडेला, ब्रशनं पहिला हात दिला. ब्रश कोरा होता, एवढं मी त्यांच्या बाजूनं सांगेन. मग दुसरा हात दिला आणि तो सुकायची वाट बघत गुणगुणत बसले. थोड्या वेळानं गुणगुणणं थांबलं.

सासऱ्यानं सुनेशी या विषयावर बोलायचं कसं, हा प्रश्न उभा राहताच माझी नेमणूक झाली. काका दाराआडून मला सांगणार, मी पार्लरमध्ये जाऊन वहिनीला सांगणार. वहिनी एका बाईंच्या भुवया करत होती. तिनं दातात दोरा धरूनच विचारलं, लावून किती वेळ झाला. मी जाऊन उत्तर घेऊन आलो: "दुसरा हात अजून ओला आहे."

वहिनीनं दोरा सोडला आणि मला मध्ये न घेता थेट दाराशी गेली. "बाबा, ती भिंत नाही. आत्ताच्या आत्ता ओल्या फडक्यानं अलगद पुसून काढा. घासू नका. मग वरून गार पाणी सोडत राहा."

आत बादली आपटली. पाणी वाहत असताना वहिनीनं बंद दाराला सगळं समजावून सांगितलं. ही क्रीम केस विरघळवते, आणि केस कुठे संपला अन् कातडी कुठे सुरू झाली हे तिला कळत नाही. म्हणून ट्यूबवर लिहिलेल्या वेळेच्या वर ठेवायची नाही. जांघेच्या बाहेरच्या कडेला लावायची तीही त्या जागेसाठी म्हणून लिहिलेली असेल तरच. आतल्या नाजूक कातडीला शिवायचंसुद्धा नाही, तिथे कात्रीनं केस बारीक केले की झालं. कापलंय, खरचटलंय, पुरळ आलंय तिथे नाही. नंतर अत्तर नाही, पावडर नाही, आणि तलावाच्या क्लोरीनमध्ये निदान एक दिवस तरी उतरायचं नाही. एक भुवई झालेल्या बाई मागोमाग येऊन ऐकत होत्या. त्यांनी बगलेबद्दल शंका काढली, तिचंही जागच्या जागी निरसन झालं.

"आणि आधी एवढ्याशा जागी लावून एक दिवस थांबायचं असतं," वहिनी म्हणाली. "पण ते कोण करतं म्हणा."

"मग मी काय केलंय?" आतून काका दुखावलेल्या आवाजात म्हणाले. "सगळ्या भिंतीला एकदम कोण लावतो, सूनबाई? कपाटामागे चार बोटं जागा घ्यायची, उद्यापर्यंत बघायचं, मग पुढचं काम."

पार्लर काढल्यापासून नमुना लावून पाहणारं गिऱ्हाईक वहिनीला भेटलं नव्हतं, आणि भेटलं ते घरातच, बाथरूममध्ये. बाकीचे काका शाबूत होते. भाजली होती ती चार बोटं जागाच.

पण निकाल कडक लागला: रविवारी तिथे लाली दिसली, तर काका पाण्यात उतरणार नाहीत. आणि काका नाहीत तर संघ नाही. काका बाहेर आले, ठीक आहे म्हणाले आणि वाळत घातलेली चड्डी घडी करून आत ठेवायला लागले. दादानं ती त्यांच्या हातातून घेतली आणि पुन्हा वाळत टाकली.

तपासणी अर्थात काकूंकडे. रंगाऱ्याशी संसार केलेली बाई ती, लाल म्हणून थांबणार थोडीच. शनिवारी सकाळी दाराआडून अहवाल आला: विटकरी. संध्याकाळी: गाजरी. वहिनीनं काकांचं शेडकार्ड मांडीवर घेऊन दोन्ही छटा ताडून पाहिल्या आणि नकारार्थी मान हलवली. रविवारी सकाळी तिनं विचारलं, फोड आहे का, ओलसर आहे का, हात लावला तर चुरचुरतं का. काकू म्हणाल्या, "काही नाही. मोतिया आहे. कडेला जरा बदामी, पण बदामी ते लग्नापासून आहेत."

वहिनीनं शेडकार्ड मिटलं. "पोहा."

तलावावर काकांनी टॉवेल काढला. घोंगडी जशीच्या तशी, धाग्यांसकट. दादा पुटपुटला, "बाबा, कुणी बघत नाहीये."

"बघू देत," काका म्हणाले. "तिकीट थोडंच आहे."

वहिनीनं आघाडी घेतली, दादानं ती टिकवली, मी ती उधळली. मग काका कडेच्या शिडीनं पाठमोरे, एकेक पायरी चाचपत पाण्यात उतरले. मधल्या खोल भागात ते थांबल्यासारखे झाले. रांगा आखायची दोरी हाताशी होती. त्यांनी तिच्याकडे बघितलं आणि धरली नाही. तोवर इतर कुटुंबं अंग पुसत होती, माइकवाला विजेत्यांची नावं सांगू लागला होता; तोही थांबून बघायला लागला. काकांनी पलीकडच्या भिंतीला हात टेकवला, सवयीनं टाइल चाचपली आणि वर बघून म्हणाले, "इथे ओल आहे."

दादा अनोळखी माणसांना धरून धरून सांगत होता की ते माझे वडील आहेत. कुणी विचारलं नव्हतं.

सबब, तलावाच्या व्यवस्थापनास नम्र विनंती की, पुढील वर्षीपासून शेवटच्या गड्यापुरती तलावाची लांबी वाढवून मिळावी. आमचा माणूस पोहत असताना आम्हास पाहण्यास अवधी अपुरा पडला. वाढ किती असावी हे व्यवस्थापनाने ठरवावे. काका दमेपर्यंत पुरावी, एवढीच आमची अपेक्षा आहे.