सळयांवरच्या बाटल्या

"बाबा, सळया कापून टाका," ओस्मीन फोनवर म्हणाला.

मी तेव्हा गच्चीवरच उभा होतो. पाणी कुठून आत येतं ते त्याला दाखवायला फोन हातात धरून वर चढलो होतो. नऊ कॉलम, प्रत्येकाच्या चार सळया, स्लॅबच्या वर दीड हात सोडलेल्या. पुढे वरचा मजला चढवायचा म्हणून. गंजलेल्या सळयांच्या कडेने पावसाचं पाणी आत उतरत होतं आणि खाली त्याच्याच खोलीच्या छताला तांबूस डाग पडले होते.

"सगळ्या?" मी विचारलं.

"सगळ्याच. बुडापासून कापा आणि वरून सिमेंट लावून घ्या. पैसे शुक्रवारी पाठवतो."

"मग वरचा मजला?"

मागे त्याची बायको मुलांना इंग्रजीत काहीतरी सांगत होती.

"गळतंय ना, बाबा? मग कापायलाच हवं."

"आई असती तर हे बोलला असतास?"

"नसतो बोललो," तो म्हणाला.

तो खोटं बोलला असता तर बरं झालं असतं, असं मला वाटलं. पण पोरगा सरळ आहे. आईवर गेलाय.

मी गवंडीकाम करतो. ला युनियोन शहराच्या बाजूला आमचं गाव आहे आणि गावातली एकवीस घरं माझ्या हातची आहेत. सगळी अमेरिकेतून आलेल्या पैशांवर उभी राहिली. घराचा मालक तिकडे भांडी घासत असो की रंग मारत असो, फोनवर एक गोष्ट हमखास विचारायचा, "तुलिओ मिस्त्री, वर सळया सोडल्यात ना?" सोडायचोच. सळया उभ्या आहेत म्हणजे माणूस परत येणार आहे. तसं कुणी बोलून दाखवत नाही. पण एखाद्या गच्चीवरून सळया कापायच्या ग्राइंडरचा आवाज आला की त्या घराबद्दल विचारायचं लोक बंद करतात. आतापर्यंत असा आवाज गावात दोनदाच आला होता.

आमचा ओस्मीन विसाव्या वर्षी अमेरिकेला गेला. त्याला पंधरा वर्षं झाली. चौथ्या वर्षी हे घर बांधलं. एकदा जेवताना मी सहज म्हणालो, सळई गंजली की तिच्यावर पुढचं बांधकाम धरत नाही. माझ्या बायकोने, एर्सिलियाने, ते ऐकलं. दुसऱ्या दिवसापासून तिने कोलाच्या रिकाम्या बाटल्या गोळा करायला सुरुवात केली. छत्तीस जमल्या तशी गच्चीवर गेली आणि प्रत्येक सळईवर एकेक बाटली उलटी बसवली. वाऱ्याने उडू नये म्हणून तोंडात चिंधी कोंबली. उन्हाने प्लास्टिक तडकतं, म्हणून दरवर्षी एप्रिलच्या शेवटी, पावसाआधी, सगळ्या बदलायची.

समोरची चायो तिला चिडवायची, "एर्सिलिया, तुझ्या गच्चीवर कोलाची बाग फुललीय गं."

"फुलू दे. मजला चढला की वरून तुला हात करीन."

एर्सिलिया यंदा मार्चमध्ये वारली. एप्रिलमध्ये मी गच्चीवर चढलो नाही. विसरलो होतो असं नाही.

तिच्या वेळी ओस्मीनने सगळं केलं. पितळी कड्यांची शवपेटी, नऊ दिवसांच्या प्रार्थनेला आलेल्यांसाठी मक्याच्या पिठाचे तमालेस आणि कॉफी, अगदी फुलांच्या गाडीचे पैसेसुद्धा. त्याला स्वतःला येता आलं नाही. त्याच्याकडे तिकडचे कागद नाहीत; आला असता तर अमेरिकेत परत घेतलं नसतं. मी फोन उंच धरून त्याला सगळं दाखवलं. पण पेटी उचलायला चार खांदे गावात मिळेनात. म्हातारे होते, बायका होत्या. शेवटी चायोच्या घराची भिंत बांधणारे चार निकाराग्वाचे मजूर हातपाय धुऊन आले. आमच्याकडे आता शेत पेरायलाही तेच येतात आणि विटा रचायलाही तेच. मजुरी डॉलरमध्ये घेतात आणि शनिवारी घरी पाठवून देतात. त्यातला एक नॉर्लान. चाळिशीचा आहे. डोक्याच्या बाजूचं कडं त्याने धरलं होतं. मी नंतर पैसे द्यायला गेलो तर म्हणाला, "मिस्त्री, ठेवा खिशात."

त्यालाच मी शनिवारी बोलावलं.

ग्राइंडर सुरू झाला तशी चायो दारात आली. "मिस्त्री, कसला आवाज?"

"छत गळतंय."

"हं." ती जरा वेळ वर बघत राहिली. "माझंही गळतं. मी खाली बादली ठेवते."

तिची दोन्ही पोरं टेक्सासला आहेत.

आधी बाटल्या काढायच्या होत्या. बऱ्याचशा हात लावताच फुटल्या. आतल्या चिंध्या एर्सिलियाच्या निळ्या झग्याच्या होत्या. तो झगा कुठे गेला म्हणून मी एकदा घरभर शोधला होता. पाच-सहा बाटल्या मात्र शाबूत होत्या. त्यांच्याखालच्या सळया मी बांधल्या त्या दिवशी होत्या तशाच निघाल्या.

"मिस्त्री, ही तर कोरी आहे," नॉर्लान म्हणाला. "हिच्यातून पाणी येत नसणार. कापायची?"

मी सळईवरून बोट फिरवलं. चार ठेवून बाकीच्या कापता आल्या असत्या. कोपऱ्यातला एक कॉलम तसाच राहिला असता आणि ओस्मीनला कळलंही नसतं.

"काप," मी म्हणालो.

दुपारी आम्ही गच्चीवरच मक्याच्या तोर्तिया आणि घेवडा खाल्ला. नॉर्लानने घरी बायकोला फोन लावला. त्याच्याही घराचं तिकडे निकाराग्वात, चिनान्देगाजवळ, बांधकाम चाललं आहे. कॉलम उभे आहेत, पुढचे पैसे जमायचे आहेत.

"यादिरा, ऐक. आपल्या सळयांना बाटल्या घाल... रिकाम्या, कोलाच्या... अगं हसू दे लोकांना. गंजतात त्या... मला काय माहीत, इथे मिस्त्री आहेत, त्यांना विचार."

त्याने फोन माझ्या हातात दिला. बाईचा आवाज तरुण होता. मागे कोंबड्या ओरडत होत्या.

"काका, हे काय नवीन काढलंय यांनी?"

"बरोबर सांगतोय तो," मी म्हणालो. "बाटली उलटी घालायची. तोंडात चिंधी कोंबायची, नाहीतर उडते. चिंधी जाड बघ."

"बरं. एकदा घातल्या की झालं ना?"

"नाही. उन्हाने तडकतात. दरवर्षी पावसाआधी बदलायच्या."

"दरवर्षी?" ती हसली. "अशा किती वर्षं बदलायच्या?"

नॉर्लान माझ्याकडे बघत होता. त्याच्या हातात अर्धी तोर्तिया तशीच होती.

"मजला चढेपर्यंत," मी म्हणालो.

फोन त्याला परत दिला. अजून अकरा सळया राहिल्या होत्या. त्याचं बोलणं चाललं होतं, म्हणून मी कामाचा चष्मा लावला आणि ग्राइंडर माझ्या हातात घेतला.