घाबरू नका, आम्ही येत आहोत

टप्प.

नळाचा एकच थेंब रिकाम्या पातेल्यात पडला, आणि आवाज घुमू नये म्हणून कपड्यांच्या कपाटात दोन रजया आणि नवऱ्याचा जाड कोट यांच्या मधोमध उभ्या असलेल्या तिने डोळे मिटले.

"पुन्हा रेकॉर्ड करावं लागेल," ती आतूनच म्हणाली.

"कशाला? झकास झालं होतं की!" बाहेरून साहेबांचा आवाज आला.

"मागे थेंब आलाय, साहेब. ऐकणाऱ्याला वाटेल, एवढा मोठा देश आणि नळ गळतोय."

प्रसिद्धी खात्याचे साहेब तिच्या लेकीच्या, भिंगरीच्या, इवल्याशा खुर्चीवर बसले होते. कपाटातले कपडे घरातल्या बाकीच्या खुर्च्यांवर रचून ठेवलेले, त्यामुळे चार वर्षांच्या मुलीची ही एकच खुर्ची उरली होती. साहेबांचे गुडघे टायला टेकले होते. भिंगरी समोर फतकल मारून खुर्ची कधी मोडते याची वाट बघत होती.

भिंगरीच्या आईचा चेहरा शहरात कोणाच्या ओळखीचा नव्हता, आवाज मात्र सगळ्यांच्या कानांवरून गेलेला. लिफ्टमध्ये 'दरवाजा बंद होत आहे' म्हणणारी तीच. बँकेला फोन लावला की 'आपण रांगेत आहात' असं लाडीगोडीने सांगणारीही तीच. धाकटा भाऊ नेहमी चिडवायचा, "ताई, काल तू मला अर्धा तास ताटकळत ठेवलंस गं, पण किती प्रेमाने!"

हाच भाऊ सैन्यात स्वयंपाकी होता. सकाळी त्याचा फोन आला होता, उद्या निघतोय म्हणून.

"कुठे?"

"समुद्रापलीकडे."

"अरे, पण कशाला?"

"ताई, मला फक्त कांदे किती लागतील एवढंच सांगतात."

दुपारी खात्याने या कामाबद्दल विचारलं, तेव्हा ती लगेच हो म्हणाली ती त्या 'कशाला'पायीच. आपला बलाढ्य देश नखाएवढ्या देशावर एवढं सैन्य घेऊन का निघालाय, हे खात्याच्या माणसाला तरी ठाऊक असेल. विचारून सांगते, असं तिने भावालाही कळवलं होतं. एकदा ते कळलं की त्याला हसतमुखाने निरोप देता येईल. नाहीतर पोराने उगाच जीव धोक्यात का घालायचा?

काम तसं सोपं होतं. पलीकडच्या देशातही हीच भाषा चालायची, तर विमानांना भोंगे लावून वरून तिचा आवाज ऐकवायचा: प्रिय नागरिकहो, घाबरू नका, आम्ही येत आहोत. आधी सैन्याच्या निवेदकाकडून म्हणवून पाहिलं होतं म्हणे. पण त्याचं ओरडणं ऐकून खात्यातल्या कारकुनांनीच शरण आल्यासारखे हात वर केले.

"पुढचं वाचा," साहेब म्हणाले.

"'तुमच्या जुलमी सरकारच्या तावडीतून तुम्हाला सोडवायला...'"

साहेबांचा फोन वाजला. ते नुसतं हो हो करत राहिले आणि फोन ठेवून म्हणाले, "जुलमी काढा. गेल्या वर्षीच आपण त्यांच्या प्रमुखाला पदक दिलंय. फोटो आहेत. असं म्हणा, तुमच्याच सरकारने आम्हाला बोलावलंय."

"मघाशी ज्याच्या तावडीतून सोडवत होतो, त्यानेच बोलावलं?"

"त्याने नाही हो. त्याच्या मेव्हण्याने."

तिने मुकाट्याने मेव्हण्याच्या बाजूने वाचलं. पुन्हा फोन. मेव्हणा फुटला होता.

"आता तिसरं घ्या," साहेब कपाळावरचा घाम पुसत म्हणाले. "तुमच्यापासून आमच्या देशाला धोका आहे."

"म्हणजे, 'प्रिय नागरिकहो, घाबरू नका, आम्हीच तुम्हाला घाबरतो'? आणि तेही प्रेमाने?"

"जमेल का?"

ती कपाटातून बाहेर आली. केस रजईने विस्कटलेले, कानावर हेडफोन तसेच. "साहेब, उद्या माझा भाऊ निघतोय. कागदावरचं राहू द्या. मला खरं सांगा."

साहेबांनी एकदा फोनकडे पाहिलं आणि तो शेजारच्या कपड्यांच्या ढिगात खोल खुपसला.

"महिन्यापूर्वी आपण त्यांना दम दिला. बंदर आमच्या जहाजांना खुलं करा, नाहीतर बघा. वाटलं, तंतरेल त्यांची. नाही तंतरली. मग चार जहाजं नेली, नुसती दाखवायला. मग विमानं. आता एवढा लवाजमा त्यांच्या दारात उभा करून हात हलवत परत यायचं म्हणजे चारचौघांत नाक कापलं जाणार. उद्या आपल्याला कोण भिणार?"

"आणि बंदर?"

"बंदर त्यांनी गेल्या आठवड्यातच खुलं केलं."

"मग संपलं की!"

"ते म्हणाले, आमच्या मर्जीने केलं, तुम्हाला घाबरून नाही." साहेबांनी आवाज खाली आणला. "तेच वरच्यांना झोंबलं."

ती जमिनीवरच बसली. भिंगरी लगेच तिच्या मांडीत शिरली.

"हिला मी दम देते ना, तीन मोजेपर्यंत जेवायला ये म्हणून," ती म्हणाली, "एक, दोन, अडीच, पावणेतीन... तीन कधी म्हणतच नाही. तीननंतर काय करायचं, ते मलाच माहीत नसतं."

"आमच्या खात्यात पावणेतीन म्हणणारं कोणी नाही हो, बाई," साहेब अगदी मनापासून म्हणाले.

कपड्यांचा ढीग वाजू लागला. साहेबांनी नवऱ्याच्या पायजम्यातून फोन शोधून काढला, ऐकला आणि सुटकेचा निःश्वास टाकला. "कारणबिरण काहीच नको म्हणतात. आवाज गोड आहे, तेवढ्यावर भागेल. पहिलं वाक्य म्हणा नि मोकळ्या व्हा."

नको म्हणायचं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण मग तो निवेदक ओरडणार, आणि खाली कुठेतरी आपल्या भिंगरीएवढं एखादं पोर दचकून उठणार. ती कपाटात शिरली. लेकीला थोपटताना लागतो तो आवाज लावला. एका दमात झालं. साहेब खुर्चीतून उठले, तर खुर्चीही त्यांच्याबरोबर उठली. ती सोडवून, बाईंपुढे हात जोडून ते निघून गेले.

दार लागतंय तोच भावाचा फोन.

"काय ताई, विचारलंस का? कशाला चाललोय आम्ही?"

"मदतीला," ती म्हणाली. "त्यांच्या मदतीला."

"हा तुझा कामाचा आवाज झाला, ताई."

तिने फोन भिंगरीच्या कानाला लावला. "मामाशी बोल."

भिंगरीने फोन दोन्ही हातांत धरला. "मामा, तू त्यांच्या घरी जातोयस? तुला त्यांनी बोलावलं का रे?" तिने मान वाकडी करून ऐकलं, बराच वेळ ऐकलं. मग फोन छातीशी धरून आईकडे वळली.

"आई, ते 'तुम्ही नको' म्हणाले, तर मामा लगेच घरी येईल ना?"