काचेवरची फुंकर

फ्रान्समधल्या रेन शहराबाहेरच्या आमच्या कारखान्यात गप्पा मारायला बंदी नाही. काचेजवळ श्वास सोडायला आहे. बंदी गुलवेनची, आमच्या म्हाताऱ्या कारागिराची. आम्ही फ्लोराइडच्या काचेचे केसाएवढे तंतू ओढतो आणि या काचेला ओल म्हणजे वैरी. आमच्या या ब्रिटनी प्रांतात ओलीशिवाय दुसरं मिळतं काय? हवा दमट असली की म्हातारा भट्टी पेटवतच नाही. खुशाल गॅलेट, म्हणजे सॉसेज गुंडाळलेलं इथलं धिरडं, खात बसतो आणि मी मालकीण असून गप्प बसते.

दीड वर्षापूर्वी त्याच्या हाताखाली मी रोझेनला घेतलं. पोरगी लानिओं गावची, टेलिफोनच्या काचतंतूंवर हात बसलेली. ती काच दणकट असते. चष्मा पुसताना करतो तसं तिच्या टोकावर 'हा' केलं, तरी निभावतं. गुलवेन महिनाअखेर निवृत्त होणार होता. त्याच्या जागी रोझेनला कायम करायचं की घरी पाठवायचं, हे मी त्या मंगळवारच्या चाचणीवर सोडलं होतं. तिलाही ते ठाऊक होतं. सकाळपासून तिने कॉफीला हात लावला नव्हता.

चाचणी साधी. तंतूच्या एका टोकातून लेसर आत सोडायचा. आत तो पसरत जातो आणि दुसऱ्या टोकातून डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशाचा रुंद पट्टा होऊन बाहेर पडतो. आम्हाला दिसते ती फक्त पडद्यावरची रेघ. रेघ छान उजवीकडे सरकत गेली. लेसरचा जोर वाढवला आणि ती धाडकन खाली आली. तंतूचं टोक जळलं होतं. टोकाला श्वासाची ओल लागली की असंच होतं.

"कोणी फुंकलं?" मी विचारलं.

"मी," गुलवेन म्हणाला. "वय झालं, बाई. चष्मा समजून फुंकलं."

काचेजवळ शिंकले म्हणून याच माणसाने मला, खुद्द मालकिणीला, दंडाला धरून बाहेर काढलं होतं.

"खोटं बोलतायत ते," रोझेन म्हणाली. "मी फुंकलं. सवयीनं झालं."

"तू गप्प बस गं. मी चाललोय घरी, मला कोण काढणार? तुला इथं राहायचंय."

"तुमचं नाव खराब करून राहू?"

मला दोघांचाही राग आला. "भांडणं पुरेत," मी म्हणाले. "गुलवेन, जळकं टोक कापा, नवं टोक काढा."

गुलवेन जागचा हलला नाही. रोझेन झटकन पुढे झाली. "मी कापते."

"तू नको. आज गुलवेनच कापतील."

त्याने पातं उचललं. हात असा थरथरत होता की पातं टेबलावर टकटक वाजू लागलं. त्याने ते खाली ठेवलं आणि दोन्ही हात खिशात घातले.

"किती दिवस?" मी विचारलं.

"वर्ष झालं," तो म्हणाला. "हिला दम दिला होता, बाईंना कळता कामा नये म्हणून."

वर्षभर ज्या सफाईदार कापांसाठी मी गुलवेनची पाठ थोपटत होते, ते सगळे रोझेनचे होते. नोकरी टांगणीला लागली असतानाही पोरीने तोंड उघडलं नव्हतं.

तिने टोक कापलं. रेघ हवी तिथपर्यंत गेली. पण तोवर माझं पडद्याकडे लक्षच नव्हतं. इतकी माया दाटून आली मला त्या दोघांची, की आधी दोघांना भरपूर झापलं आणि मग रोझेनला कायम केलं.