सासूबाईंच्या पलंगाचा सर्किट बोर्ड

बुधवारी दुपारी साडेबाराला मोठे जावई सासूबाईंना बघायला आले, फुलं घेऊन. बारा पस्तीसला फुलदाणी कलंडली. पाणी गादीच्या कडेवरून उतरून पलंगाखाली अडकवलेल्या काळ्या डब्यात शिरलं. डब्यातून आधी आवाज आला, मग वास आला, आणि सासूबाई होत्या तशाच अडकल्या. डोकं वर, पाय वर, मधला भाग खड्ड्यात.

"हल्ली वस्तू टिकाऊ येतच नाहीत," मोठे जावई म्हणाले.

पलंग विजेवर चालणारा होता, खुब्याच्या ऑपरेशननंतर घेतलेला. त्याच्या रिमोटवर चार बटणं होती: डोकं वर, डोकं खाली, पाय वर, पाय खाली. या चार बटणांच्या जोरावर सासूबाई सात आठवडे आपल्या आपण उठत होत्या, वॉकर धरून एकट्या संडासात जात होत्या आणि एकट्या परत येत होत्या. लाकडी पलंगावरून त्यांना उठता येत नव्हतं. आता या खड्ड्यातून उपसून काढायलाही दोन माणसं लागू लागली. एक त्यांची धाकटी मुलगी, दुसरा तिचा नवरा.

"जावयाने दंडाला धरून संडासात नेलेली बाई तुम्ही पाहिलीय का कधी?" त्यांनी डॉक्टरांना फोनवर विचारलं.

डॉक्टर म्हणाले, होईल सवय.

"तीच व्हायला नकोय मला," सासूबाई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

गुरुवारी पलंगाच्या कंपनीचं उत्तर आलं. हे मॉडेल बंद झालं आहे, सुटे भाग मिळणार नाहीत, आपल्या आईंना आमच्या शुभेच्छा. मोठ्या जावयांनी तडकाफडकी निर्णय घेतला. निर्णय घेणं हा त्यांचा स्वभावच होता, अंमलबजावणी बाकीच्यांनी करायची. रविवारी चार वाजता ते चोवीस तास राहणाऱ्या एका बाईंना घेऊन येणार होते.

"ही बाई संडासातही येणार?" सासूबाईंनी विचारलं.

"आई, त्यासाठीच तर आणतोय."

सासूबाईंनी मान वळवून धाकट्या जावयाकडे पाहिलं. "जावईबापू, तुमचं ते तांब्याच्या पत्र्याचं खूळ कामाला यायचं कधी?"

धाकटा जावई विमा कंपनीत होता. दिवसभर लोकांचे दावे नामंजूर करायचा आणि सुट्टीच्या दिवशी घरी सर्किट बोर्ड बनवायचा. आजवर अकरा बनवले होते. त्यातले चार चालत होते. पाचवाही चालत होता, पण त्याला हात लावायचा नाही असं घरात ठरलेलं होतं. कुंडीतली माती सुकली की ओरडणारं एक यंत्र त्याने बनवलं होतं. ते पाणी घातल्यावर जास्तच ओरडायचं. या छंदापायी बायकोची इस्त्री काळी झाली होती, न्हाणीघरातल्या सहा फरशा चहाच्या रंगाच्या झाल्या होत्या, आणि एका निळ्या टबावर बायकोने मार्करने लिहून ठेवलं होतं: 'यात अंघोळ करू नये.'

"होईल," तो म्हणाला.

"रविवारी चारच्या आत?" बायकोने विचारलं.

"होईल म्हटलं ना."

"कुंडीच्या वेळीही हेच म्हणाला होतास."

शुक्रवारी कचेरीतून आल्यावर त्याने काळा डबा उघडला. आतल्या बोर्डाचा मधोमध कोळसा झाला होता. पण कडेला बसवलेले चार रिले वाचले होते. रिले म्हणजे विजेवर चालणारे स्विच, साखरेच्या ठोकळ्याएवढे. ते त्याने काढून घेतले. जळालेल्या भागात तांब्याच्या वाटा कुठून कुठे जात होत्या ते मीटर लावून शोधलं आणि सगळा नकाशा नव्याने कॉम्प्युटरवर काढला. हे काम त्याने खरोखर चांगलं केलं, आणि ते कुणी पाहिलं नाही.

पुढची पद्धत सोपी आहे. नकाशा गुळगुळीत कागदावर लेझर प्रिंटरने छापायचा. कागद तांब्याच्या पत्र्यावर पालथा ठेवून वरून इस्त्री फिरवायची, म्हणजे शाई तांब्याला चिकटते. कागद पाण्यात भिजवून चोळून काढायचा. मग पत्रा फेरिक क्लोराइडच्या तपकिरी पाण्यात टाकायचा. ते उघडं तांबं खाऊन टाकतं आणि शाईखालचं ठेवतं. फक्त एक भान राखायचं. कागद पालथा पडणार म्हणून नकाशा आरशात दिसतो तसा उलटा छापायचा. हे विसरणं हा या छंदातला गोवर आहे. प्रत्येकाला एकदा होतो. धाकट्या जावयाला तीनदा झाला होता.

तिसऱ्या वेळी कोपऱ्यावरचा झेरॉक्सवाला म्हणाला होता, "साहेब, इथून पुढे तुमची चित्रं मीच उलटी करून देत जाईन. तुम्ही डोक्याला ताप करून घेऊ नका." जावई हे साफ विसरला होता. झेरॉक्सवाला विसरला नव्हता. शनिवारी जावयाने नकाशा आठवणीने उलटा केला, दोनदा तपासला आणि पेन ड्राइव्ह नेऊन दिला. झेरॉक्सवाल्याने तो आठवणीने पुन्हा उलटा केला, म्हणजे सरळ केला, आणि छापला. दोघांनाही आपण अगदी काळजीपूर्वक काम केल्याचं समाधान मिळालं.

ही चूक पकडायला एक उपाय असतो. बोर्डाच्या कोपऱ्यात अक्षरं टाकून ठेवायची. तांब्यावर ती सरळ वाचता आली तर सगळं ठीक. जावयाने चार शब्द टाकले होते: डोकं, पाय, वर, खाली. जागा कमी म्हणून अक्षरं मुंगीएवढी झाली होती. आणि जावयाला जवळचं दिसत नव्हतं. हे घरात सगळ्यांना माहीत होतं, त्याला सोडून.

इस्त्री झाली, कागद निघाला. काळ्या रेघांचा पत्रा हातात धरून तो खिडकीशी गेला, हात लांब केला, मग आणखी लांब केला. मग सासूबाईंच्या खोलीत आला. त्यांच्याकडे वर्तमानपत्र वाचायचं भिंग होतं.

"आई, एवढं वाचून सांगा. कोपऱ्यातलं."

सासूबाईंनी भिंग लावलं. एकतीस वर्षं त्या छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवत होत्या. वाचनात त्यांचा हात धरणारं घरात कोणी नव्हतं.

"डोकं, पाय, वर, खाली," त्यांनी घडाघडा वाचलं. "'डोकं'वरचा अनुस्वार जरा पुसट आलाय."

"पण वाचता येतंय ना नीट?"

"न यायला काय झालं?"

त्याने पत्रा निळ्या टबात सोडला. घरात तांब्याचा पत्रा तेवढा एकच उरला होता.

रविवारी सकाळी त्याने भोकं पाडली, त्रेसष्ट. अकराच्या सुमारास नवी सोळा पायांची चिप बसवायला घेतली आणि तिचा पहिला पाय जिथे जायला हवा तिथे सोळावा जायला लागला. त्याने चिप फिरवून पाहिली. बोर्ड फिरवून पाहिला. शेवटी बायकोचा चष्मा घातला आणि कोपऱ्यातली अक्षरं पाहिली. मग बोर्ड घेऊन तो सासूबाईंसमोर जाऊन उभा राहिला.

"हे उलटं आहे."

"हो," सासूबाई म्हणाल्या.

"तुम्ही काल म्हणालात वाचता येतंय."

"येतंच आहे. डोकं, पाय, वर, खाली."

"अहो, पण उलटं वाचलंत तुम्ही."

"खिळा उलटाच असतो, जावईबापू. सरळ असता तर कागदावर उलटं उमटलं नसतं का? मी म्हटलं, तुमचंही तसंच असेल. तुम्ही वाचा म्हणालात, मी वाचलं. सरळ की उलटं हे विचारायला तुमची जीभ झिजत होती का?"

दारात उभी असलेली बायको भिंतीकडे तोंड करून हसली. मग तिला चार वाजताची आठवण झाली आणि हसू थांबलं.

"आता काय?"

"दुकानं बंद. पत्रा नाही."

"म्हणजे ती बाई येणार," सासूबाई म्हणाल्या. आवाज नेहमीचाच होता. पण त्यांनी भिंग घडी केलेल्या वर्तमानपत्राखाली सरकवलं आणि पुन्हा बाहेर काढलं.

जावई स्वयंपाकघरातल्या टेबलाशी जाऊन बसला. दहा मिनिटं चिप बोटांत उलटसुलट करत राहिला. मग बारीक पक्कड घेतली आणि चिपचे सोळाही पाय एकेक करून पाठीच्या दिशेने वाकवले. आता चिप उताणी ठेवली की डावे पाय उजवीकडे आणि उजवे डावीकडे. बोर्डावर ती मेलेल्या झुरळासारखी दिसत होती, पण प्रत्येक पाय आपापल्या भोकात होता.

"हे असं चालतं?" बायकोने विचारलं.

"चिपला काय कळतंय ती उताणी आहे ते."

रिले बसवणं सोपं गेलं. त्यांच्या पायांची ठेवण अशी की उलट्या नकाशावरही ते सरळ बसले. ते बसले म्हणून तो खूश झाला. इथे थांबून विचार करायला हवा होता, पण तीन वाजले होते. रिमोटच्या आणि मोटरच्या वायरी रंग पाहून थेट बोर्डाला सोल्डर केल्या. वीज देऊन रिमोटची चारही बटणं दाबली, चारही रिले टकटक वाजले. पावणेचारला तो पलंगाखाली शिरून डबा जागेवर बसवत होता.

चारला मोठे जावई आले. बरोबर पांढऱ्या ओढणीची, हातात पिशवी घेतलेली, पन्नाशीची एक बाई. तिने खोलीवर एक नजर टाकली, खड्ड्यातल्या सासूबाईंवर एक टाकली, पलंगाखालून बाहेर आलेल्या दोन पायांवर एक टाकली आणि खुर्ची ओढून बसली.

"साडूभाऊ, बाहेर या आता. पुष्कळ झालं," मोठे जावई त्या पायांना म्हणाले.

"एक मिनिट. आई, डोकं वर दाबा."

सासूबाईंनी रिमोट हातात घेतला आणि दाबलं. मोटर गुरगुरली. बुधवारनंतर पहिल्यांदा पलंग हलला. आणि सासूबाईंचं डोकं सावकाश, एका लयीत, खाली जाऊ लागलं.

"वर दाबा, आई."

"वरच दाबलंय."

डोक्याकडची बाजू पूर्ण आडवी होऊन थांबली. आता सासूबाईंचे फक्त पाय वर होते. पलंगाखालून जावई बाहेर आला, केसांना जळमटं लागलेली. त्याच्या ध्यानात आलं होतं. उलट्या बोर्डावर रिले सरळ बसतो, पण त्याच्या आतली अधिक आणि उणेची टोकं एकमेकांच्या जागी जातात. मोटर उलटी फिरते.

"दोन-दोन वायरी बदलल्या की झालं," तो म्हणाला. "अर्धा तास."

"अर्ध्या तासाने आईंचे पाय आढ्याला लागतील," मोठे जावई म्हणाले. "हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. बाई, तुम्ही पिशवी ठेवा आतल्या खोलीत. उद्या पलंगाचं बघतो."

बाई उठली नाही. ती सासूबाईंकडे पाहत होती.

सासूबाई छताकडे पाहत होत्या. त्यांच्या अंगठ्याने रिमोटवर पुढचं बटण चाचपलं. डोकं खाली. मोटर गुरगुरली आणि त्या वर येऊ लागल्या. तीस अंश, साठ अंश, ताठ. समोर जमलेल्या माणसांकडे त्यांनी एकदा नीट पाहून घेतलं. मग 'पाय वर' दाबलं आणि पाय खाली आले.

"आई, थांब, मी येते," मुलगी पुढे झाली.

"बस तिथेच."

त्यांनी एक पाय कडेवरून सोडला. मग ऑपरेशनचा पाय, दोन्ही हातांनी धरून. वॉकर ओढला. उठताना एकदा मागे बसल्या. मोठे जावई पुढे सरकले तेव्हा खुर्चीतली बाई पहिल्यांदा बोलली. "राहू द्या, साहेब. येतंय त्यांना."

दुसऱ्या खेपेला त्या उठल्या.

"आई, तुम्ही येईपर्यंत मी वायरी बदलून टाकतो," धाकटा जावई म्हणाला. "मग वर म्हणजे वर होईल."

"त्या डब्याला आता हात लावलात तर याद राखा," सासूबाई वळून न पाहता म्हणाल्या. "पलंगाचं तोंडपाठ झालंय मला."

वॉकरचे चार रबरी पाय बोळातून गेले. संडासाचं दार लागलं, आतून कडी सरकली. बोळाच्या तोंडाशी चौघं नकळत गोळा झाली होती.

"आणि तिथे घोळका करू नका," आतून आवाज आला.

चौघं स्वयंपाकघरात गेली. बायकोने चहा टाकला. मोठे जावई बाईंना म्हणाले की तुम्हाला उगाच त्रास झाला, आणि बाई म्हणाली की तिला आजपर्यंत कुणी कामावर घेण्याआधीच काढलं नव्हतं, पण हरकत नाही, साखर थोडी जास्त घाला. धाकटा जावई घड्याळ पाहत होता.

सासूबाई एकोणीस मिनिटं आत होत्या. इतका वेळ लागण्यासारखं काही नव्हतं. पण गेल्या चार दिवसांत दाराबाहेर कुणी थांबलेलं नाही असं पहिल्यांदाच झालं होतं.