दाराचा टब

देवमन पडघानाने टबाला आधी बोटाच्या पेराने टकटक केलं, टरबूज वाजवून पाहतात तसं. मग खाली वाकून त्याच्या पोटाखाली नजर घातली. मग दार उघडलं, लावलं, पुन्हा उघडलं. आंघोळीच्या टाक्याला दार! त्याच्या गावात, अनसिंगात, हे कोणी सांगितलं असतं तर लोक पोट धरून हसले असते. पण वाशीमला हरीओमच्या सॅनिटरीच्या दुकानात ते पांढरंफेक धूड नवरदेवासारखं मिरवत होतं. आत बसायला बैठक, धरायला दांडी, आणि म्हाताऱ्या माणसाला टांग उचलावी लागू नये म्हणून थेट जमिनीपासून दार.

"पाणी भरल्यावर हे दार उघडलं त?" देवमनाने विचारलं.

"उघडतच नाही काका. पाण्याचा दाब पडला का अजून घट्ट बसते."

"अन् आतला माणूस?"

"थो बसते न आरामात. पाणी पुरं निघून गेलं का मंग दार उघडाचं."

"म्हंजे कोंडून घेतलं म्हणा न!"

हरीओम हसला. विकणारा हसला की देवमनाचा संशय वीतभर वाढायचा.

हा संशय काही रोग नव्हता, कमाई होती. त्याने जन्मभर एस.टी.च्या वर्कशॉपात ब्रेक दुरुस्त केले. 'लागतात' म्हणणाऱ्यावर त्याने कधी भरोसा ठेवला नाही, स्वतः लावून पाहिलेल्या ब्रेकवर ठेवला. आणि लोक गोड बोलता बोलता आपल्यासाठी वेगळी कपबशी कशी काढतात, हे तर तो आईचा पदर धरून चालायचा तेव्हाच शिकला होता.

त्याची बायको रत्नमाला दुकानात प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसली होती, काठी मांडीवर आडवी. मागच्या हिवाळ्यात ती न्हाणीत घसरली, खुबा मोडला, आत रॉड टाकावा लागला. तेव्हापासून देवमनच तिला स्टुलावर बसवून आंघोळ घालायचा. पुण्याच्या पोराने, उत्कर्षने, मोबाइलवर या टबाचा व्हिडिओ पाठवला आणि लिहिलं, 'बाबा, अर्धे मी देतो.' रत्नमाला तो व्हिडिओ येता-जाता पाहायची. देवमनाला त्याचाही संशय होता. एवढं काय आहे त्यात पाहण्यासारखं?

"एक लाख साठ हजार," हरीओम म्हणाला. "फिटिंग अलग."

"मी वस्तू चालवून पाह्यल्याबिगर घेत नाही. भरा पाणी."

"इथं दुकानात कसं भरता येईन काका? कारंजाले एका घरी फिट केला हाय आपण. मुकेशभाऊ. म्हातारी आई हाय त्याईची. तिथं जाऊन पाहून या. मी फोन लावतो. नाव काय सांगू?"

"देवमन पडघान."

आमच्या जिल्ह्यात आडनाव म्हणजे पुरा पत्ता असतो. गाव, वस्ती, पाणी कुठून भरायचं, कुठं बसायचं, सगळं त्यात येतं. हरीओमने फोनवर ते आडनाव सांगितलं आणि पलीकडे जराशी शांतता झाली. निदान देवमनाला तसं वाटलं. रेंजही गेली असेल. पण रेंज नेमकी आडनावावरच कशी जाते?

दुसऱ्या दिवशी भाड्याची गाडी करून दोघं कारंजाला गेले. मुकेशचं घर दुमजली, फरशी अशी की तोंड दिसावं. मुकेशने "या काका, या काकू" केलं, सोफ्यावर बसवलं. त्याची बायको तनुजा चहा घेऊन आली. पाहुण्यांना कागदी कप. मुकेशला चिनीमातीचा.

देवमनाने रत्नमालेकडे पाहिलं. ती चहावर फुंकर मारत होती. तिने पाहिलं नसेल असं नाही. बायका पाहतात आणि पितात, ही त्याची जुनी तक्रार.

"चला, टब पाहू," तो म्हणाला.

"त्याचं काय झालं काका," मुकेश मोबाइल चाचपत म्हणाला, "आज साफसफाई चालू हाय बाथरूमची. फोटो दाखवतो न मी. एकदम मस्त हाय. आई त लय खूश हाय."

"फोटो पोरानं पाठवला मले. आमी पाण्यासगट पाहाले आलो."

"आज नाही जमणार."

देवमन उठून उभा राहिला. "आमच्या पायानं बाटते काय तुमची फरशी? तसं सांगा न सरळ. गाडीभाडं काहून वाया घालवलं आमचं?"

मुकेशचं तोंड लाल झालं. "काका, काय बोलून राह्यले तुमी! कोण मानते आता ते?"

'कोण मानते आता' हे वाक्य मानणाराच म्हणतो, हे देवमनाला ठाऊक होतं. तो तेही बोलणार होता, पण तेवढ्यात आतून वॉकरची खडखड आली आणि मुकेशची आई, ललिताबाई, दारात उभी राहिली. जाडजूड बाई, गुडघ्यांनी पार बसवलेली.

"दाखव न त्याईले, मुकेश. पापड दाखवाले कायची लाज?"

"आई, तू आत जाय."

"तू कोण मले आत धाडणारा? चाला हो भाऊ, मी दाखवते."

तिने बाथरूमचं दार ढकललं. टब काठोकाठ भरलेला होता, पण पाण्याने नाही. पापडांचे डबे, सांडगे, शेवयांची पिशवी, वर हिवाळ्यातल्या गोधड्या, आणि बैठकीवर दिवाळीची भांडी कागदात गुंडाळून.

देवमनाच्या छातीत गार वाटलं. फसवणूक पकडल्याचा आनंद काही वेगळाच असतो. "लय खूश हाय म्हणे आई! मंग हरीओम कायले धाडते लोकाईले इथं?"

"गिऱ्हाईक पटलं का याच्या बाकीतून पैसे कमी करते थो," ललिताबाईने मुलासमोरच सांगून टाकलं. "अजून पुरे फिटले नाही न टबाचे."

मुकेश भिंतीकडे पाहू लागला. देवमन वळला. "चाल रत्ना. पाह्यलं. झालं."

रत्नमाला हलली नाही. तिने ललिताबाईला विचारलं, "तुमी काहून नाही वापरत?"

"अवं बाई, एकडाव बसली. पाणी भरेपावतर उघडं बसा, निघेपावतर उघडं बसा. कुडकुडली मी. दार उघडेना म्हणून आवाज दिला त हे समदे टीव्हीपाशी. रडली बाप्पा मी आत. पुन्हा नाही गेली."

"पाहा!" देवमन म्हणाला. "मी काय म्हणत होतो?"

"पण आत कोणी लागत नाही न?" रत्नमाला त्याच्याकडे न पाहता बोलली. "आपलं आपण जाता येते, आपलं आपण निघता येते?"

"येते. थंडी वाजते फक्त."

"मंग मले बसून पाहाचं हाय. पाण्यासगट."

देवमनाला वाटलं आपण नीट ऐकलं नाही. "लोकाच्या घरी आंघोय करतं? येड लागलं काय? अन् मी हाव न घरी तुले आंघोय घालाले! कोण्या दिवशी चुकलो?"

"नाही चुकले," रत्नमाला म्हणाली. "रोज घालता. अवो, तुमी आंघोय नाही घालत, भांडं घासता. इकडं वळ, तिकडं वळ, हात वर. मी डोये मिटून घेते अन् कधी संपते त्याची वाट पाह्यते. मले आतून कडी लावून आंघोय कराची हाय. एकलीले. त्याच्यासाठी आली मी."

देवमन दुनियेवर संशय घ्यायचा, हरीओमवर, कागदी कपावर, मोबाइलच्या रेंजवर. स्वतःच्या हातातल्या खरबरीत घासणीवर त्याने कधी घेतला नव्हता.

"मुकेश," ललिताबाई म्हणाली, "काढ डबे."

"आई, पाणी..."

"टाकी भरेल हाय. काढ म्हणते न!"

डबे निघाले, गोधड्या निघाल्या, भांडी निघाली. गीझर लागला. रत्नमाला काठी टेकत आत गेली आणि आतून कडी घातली. तो आवाज देवमनाने ऐकला.

तो बाहेर भिंतीला टेकून उभा राहिला. कान दाराकडे, डोळे घरभर. तनुजा स्वयंपाकघरातून आली, फिनाईलची बाटली आणि खराटा भिंतीशी ठेवला आणि पाठ फिरवली.

"थांब बाई," देवमन म्हणाला. आवाज त्याने मुद्दाम चढवला नाही. "धू, चांगली घासून धू. पण तिची आंघोय होऊ दे पह्यले."

तनुजा वळली. "तसं नाही हो काका, बाथरूम रोजच धुते मी," ती म्हणाली आणि निघून गेली. रोज धुतही असेल. टबात पापड ठेवणारं घर बाथरूम रोज धुतं, यावर ज्याला विश्वास ठेवायचा त्याने ठेवावा.

आत पाणी पडायचा आवाज थांबला. मग काहीच नाही. देवमनाने दारावर थाप मारली. "रत्ना! ओ दे." उत्तर नाही. "रत्ना!" आता मुकेशही धावत आला. "काका, कडी तोडू काय?"

"दम धरा न!" आतून रत्नमाला खेकसली. "आंघोय करून राह्यली मी!"

ललिताबाई तोंडाला पदर लावून हसायला लागली.

बऱ्याच वेळाने रत्नमाला बाहेर आली. केस ओले, ओठ निळसर, आणि अंगावर काटा. "थंडी त वाजते," ती ललिताबाईला म्हणाली. "खरं सांगतलं तुमी." मग देवमनाला, "घ्या टब."

"कुडकुडून राह्यली अन् घ्या म्हणते!"

"मीच कुडकुडून राह्यली न? तुमाले काय?"

मुकेश पुढे झाला. माणूस व्यापारी, संधी ओळखणारा. "काका, हाच घेऊन जा न. आमाले अडचणच हाय. अर्ध्यात देतो. नवा कायले घेता?"

देवमनाचं डोकं पुन्हा तापलं. त्याच्या आईने जन्मभर दुसऱ्यांच्या घरची उतरलेली लुगडी नेसली होती, शिळ्या भाकरी ओच्यात आणल्या होत्या. "तुमची उतरन आमी घेत नाही. ते दिवस गेले. मी नवा घेईन, खोक्यातला. पुरे पैसे मोजून."

"उतरन कोणाची?" रत्नमाला केस पिळत म्हणाली. "थ्या बाई एकडाव बसल्या अन् रडून उठल्या. धड आंघोय त याच्यात मीच केली. उष्टा केला असन त आपण केला त्याईचा. आता हे लोक काय याच्यात पापड ठेवतीन?"

ललिताबाई आता पदर न लावताच हसली. मुकेश हसला नाही. देवमनाने हसू दाबून पाहिलं, जमलं नाही.

मग तो कामाला लागला. दाराचं रबर बोटाने चाचपलं, टब पुन्हा भरायला लावला, खाली पालथा पडून कुठे झिरपतं का ते पाहिलं. अर्ध्याच्याही खाली भाव आणला. "गाडीभाडं, अन् खोटी साफसफाई," तो म्हणाला, आणि मुकेशने वाद घातला नाही.

टब अनसिंगात आला तेव्हा अर्धी वस्ती पाहायला जमली. न्हाणीचं दार रुंद करावं लागलं. प्लंबरने नळ जोडले, आणि देवमनाने त्याच्यावर संशय घेऊन सगळे आटे पुन्हा स्वतः आवळले.

पहिल्या सकाळी रत्नमाला आत गेली, कडी लावली. पाणी पडू लागलं. देवमन अंगणात गेला, परत आला, आरशात मिशी पाहिली, पुन्हा दाराशी येऊन उभा राहिला. दम रोखून ऐकू लागला. पाणी बंद झालं. आत ती काहीतरी गुणगुणत होती.

गुणगुण मध्येच थांबली.

"अवो," आतून आवाज आला, "पाय दिसून राह्यले तुमचे दाराखालून."

मग तो अंगणात गेला.