खालच्या साडेचार ओळी

“अळी मेली ह्ये महत्त्वाचं न्हाय, भाऊसाहेब. कवा मेली, त्ये लिवा,” दिलदार म्हणाला, आणि मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. पाचला दहा मिनिटं कमी होती. पाचची बस चुकली की पुढची सव्वासहाला, आणि त्या दिवशी नेमके माझ्या बायकोचे, लीलाचे, दोन्ही भाऊ जेवायला यायचे होते.

“मुद्द्याचं बोल,” मी म्हणालो. “विषाणू कुठं मिळाला, एवढंच विचारलंय.”

“कागलच्या रानात. तंबाखूत. सदुसष्ट सालात.”

“हां. असं सांग की.”

मी लिहायला घेतलं. ही शहात्तर सालातल्या फेब्रुवारीची गोष्ट. कळंब्याच्या रस्त्याला एका ट्रस्टचं कीड संशोधन केंद्र होतं, तिथं मी हेडक्लार्क. हेडक्लार्क म्हणजे काय, तर एकुलता एक क्लार्क. पण माझ्या मसुद्याचा मला भारी गर्व. दहा ओळींचा मजकूर मी तीन ओळींत बसवत असे, आणि आमचे प्रमुख सरनोबतसाहेब म्हणत, “नृसिंहराव, तुमच्या कागदाला मी न वाचता सही करतो.” या वाक्यावर मी कितीतरी वर्षं खूश होतो. आता ते आठवलं की तोंड लपवावंसं वाटतं.

दिलदार शिकलगार आमच्याकडे रोजंदारीवर होता. बारा वर्षं रोजंदारीवरच. बाटल्या धुवायच्या, एरंडाची पानं तोडून आणायची, अळ्यांना घालायची, हे त्याचं काम. शिक्षण चौथी. घरचा धंदा चाकूसुऱ्यांना धार लावायचा, पण त्याचं मन त्यात नव्हतं. किड्यांत होतं.

सदुसष्ट साली कागलजवळ तंबाखूवर पानं खाणारी अळी इतकी पडली, की रात्रीत शेताची चाळणी व्हायची. साहेबांबरोबर दिलदार तिकडे गेला. सगळे जिवंत अळ्या गोळा करत होते आणि हा बाबा मेलेल्या गोळा करत होता. काही अळ्या पानाच्या शेंड्यावर चढून उलट्या लोंबकळत मेल्या होत्या, काळ्या पडून फुटल्या होत्या. त्यानं त्या डब्यात घालून आणल्या, वाटल्या, पाण्यात कालवल्या, ते पाणी पानांवर शिंपडलं आणि ती पानं धडधाकट अळ्यांना खायला घातली. नवव्या दिवशी त्याही उलट्या लोंबकळल्या. साहेबांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहून सांगितलं, “विषाणू आहे. ह्या अळीलाच मारतो, दुसऱ्या कशाला हात लावत नाही.” आम्ही त्याला विषाणू म्हणायला शिकलो. दिलदार मात्र शेवटपर्यंत ‘पाणी’च म्हणायचा.

पुढं नऊ वर्षं तो काय करत होता, हे मी रोज माझ्या खिडकीतून पाहत होतो. व्हरांड्यात मातीच्या बोळक्यांची रांग. प्रत्येक बोळक्याच्या तोंडाला फडकं, फडक्याला वेगळ्या रंगाचा दोरा. सकाळी येऊन तो फडकी सोडायचा आणि ज्या अळ्या सगळ्यांत आधी मेल्या तेवढ्याच उचलायचा. मागाहून मेलेल्या जाळून टाकायचा. पुढचं पाणी फक्त पहिल्या मेलेल्यांचं. एकदा मी त्याला छेडलं होतं, “काय रे, मढ्यांत पण तुझी आवडनिवड?”

“भाऊसाहेब, ज्या वाडग्यातलं दही झ्याक लागतं, त्यातलंच इरजण ठेवत्यात का न्हाय? तसंच की ह्ये.”

मी हसलो आणि जावक रजिस्टर पुढं ओढलं.

शहात्तर साली साहेबांना कुणीतरी सुचवलं, की याचं पेटंट घ्या. मुंबईच्या वकिलांनी फॉर्म पाठवला. साहेबांचा स्वभाव मोठा सरळ. ते म्हणाले, “अर्जात संशोधक म्हणून दिलदारचंही नाव जाईल. पेटंट झालं तर ट्रस्ट या कामासाठी कायम जागा मंजूर करणार आहे, आणि तिच्यावर तोच बसेल.” हे ऐकल्यापासून दिलदार जमिनीवर नव्हता. दोन दिवस तो व्हरांडा नुसता झाडत होता. इमामबीनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, आम्हा सगळ्यांना शिरखुर्मा पाठवला, ईद नसताना.

अर्जासोबत दिलदारचं निवेदन जोडायचं होतं. साहेब पुण्याला गेले होते. फॉर्मवर प्रश्न होता, ‘सदर विषाणू आपणास कोठे व कसा प्राप्त झाला?’ आणि खाली सात ओळींची जागा. मी लिहिलं: ‘सदर विषाणू मला सन १९६७ साली कागलजवळील तंबाखूच्या शेतात मृत अळ्यांमध्ये सापडला. तेव्हापासून मी तो प्रयोगशाळेत जतन केला आहे.’ अडीच ओळी झाल्या. वाचून दाखवलं.

दिलदार डोकं खाजवत म्हणाला, “बरूबर हाय. पर नऊ वरसं आली न्हाईत त्यात. पयल्यांदा नव दिस लागायचं मराया, आता चारात मरत्यात. त्ये आपुआप झालं व्हय? रोग अल्लानं दिला, खरं निवडला मी.”

“जतन केला म्हटलंय ना, त्यात सगळं येतं.”

“येतंय?”

“अरे येतं! सरकारी कागद आहे हा, पोवाडा नव्हे. कर सही.”

त्यानं जीभ दातांत धरून सही केली. मी खालच्या रिकाम्या साडेचार ओळींवर तिरकी रेघ ओढली. कचेरीची पद्धतच तशी. मोकळी जागा सोडली तर मागाहून कुणीही काहीही घुसडेल, म्हणून रेघ मारून ती बंद करायची. पट्टी लावून, सरळ, निळ्या शाईनं. पाचची बस मला मिळाली.

खरं सांगतो, घाई हे निमित्त होतं. अळ्या निवडणं हे मला काम वाटलंच नव्हतं. बायका तांदूळ निवडतात, त्यात काय लिहायचं? बी. ए. झालेल्या माणसानं चौथी पास गड्याच्या बोळक्यांना सरकारी कागदावर जागा द्यावी, हे मला मनातून पटत नव्हतं. आणि साहेबांनी परत आल्यावर नेहमीप्रमाणे न वाचता सही केली.

वकिलांचं उत्तर पावसाळ्यात आलं. साहेबांनी मला आत बोलावून पत्र माझ्यापुढं सरकवलं. अर्जदाराच्याच निवेदनानुसार हा विषाणू निसर्गात सापडलेला आहे, तो जसा सापडला तसाच जतन केला आहे, सबब यात नवनिर्मिती काही नाही आणि अर्ज पुढं नेण्यात अर्थ नाही, असं त्यात होतं.

“रानातल्या धोंड्याचं पेटंट होत नाही, नृसिंहराव,” साहेब म्हणाले. “त्या धोंड्याचा पाटा केला असेल, तरच पुढं बोलता येतं. तेव्हा सुद्धा कठीणच. पण आपण पाट्याचं नावच काढलं नाही.” त्यांनी डोळे मिटले. “मी वाचायला हवं होतं.”

मला ओरडले असते तर बरं झालं असतं. पुन्हा अर्ज करू, असं ते म्हणाले, पण ट्रस्टींनी हात वर केले. कायम जागा बारगळली. वर्षाच्या आत रोजंदारीही बंद झाली. दिलदारला हे मीच सांगितलं, कारण कामावरून कमी केल्याचं पत्र द्यायचं काम माझं. मात्र का झालं, ते सांगितलं नाही. “पेटंट कायद्यात बसत नाही,” एवढंच म्हणालो. तो म्हणाला, “कायद्याम्होरं कुनाचं काय चालतंय,” आणि व्हरांड्यात जाऊन बोळक्यांना शेवटचा पाला घालून आला.

तो गेल्यावर आठवडाभरात अळ्या उपाशी मेल्या. फ्रिजमध्ये त्याच्या पाण्याची एक बाटली होती. ती कुणी कधी फेकली ते कळलं नाही. तिच्यावर नाव नव्हतं.

अर्जानंतर चार वर्षांनी, ऐंशीच्या जूनमध्ये, पेपरात आतल्या पानावर एक बातमी आली. अमेरिकेत एका शास्त्रज्ञानं तेल खाणारा जंतू घडवला आणि तिथल्या सर्वांत मोठ्या कोर्टानं त्याला पेटंट द्यायचं ठरवलं. निसर्गात आहे ते कुणाचं नाही, पण माणसानं आपल्या हातानं घडवलं ते जिवंत असलं तरी त्याचं होऊ शकतं, असा काहीसा निकाल. मी ती बातमी तीनदा वाचली. चहा निवला. लीलानं विचारलं, “कोण गेलं?”

दिलदारला त्या कोर्टानं काही दिलं असतं असं मी म्हणत नाही. तो जंतू वेगळा, देश वेगळा, आणि निवडणं म्हणजे घडवणं होतं का, हे सांगायला मी कोण? पण कुणीतरी तो प्रश्न विचारला तरी असता. तो विचारायची सोयच मी पट्टी लावून बंद केली होती.

दुसऱ्या दिवशी मी दप्तरातून त्या निवेदनाची स्थळप्रत, म्हणजे कचेरीत राहिलेली सहीची नक्कल, काढली आणि कळंब्याला गेलो. दिलदार घरापुढच्या छपरात धारेच्या चाकावर बसला होता. केस पांढरे झाले होते. मला बघून त्यानं चाक थांबवलं. “या या, भाऊसाहेब! आज वाट चुकलासा काय?” आणि आत ओरडून, “अगं, च्या टाक! आपिसातलं भाऊसाहेब आल्यात.”

मी बातमी वाचून दाखवली. मग स्थळप्रत त्याच्या हातात दिली, आणि चार वर्षं पोटात ठेवलेलं सांगून टाकलं. कायदा आडवा आला नाही दिलदार, मी आलो. तुझी नऊ वर्षं मी लिहिली नाहीत.

त्यानं कागद उजेडात धरून पाहिला. सही त्यानं ओळखली. मग खालच्या तिरक्या रेघेवर बोट ठेवलं. “ही कशाची?”

“रिकाम्या जागेत कुणी काही लिहू नये म्हणून मारतात.”

“म्हंजी हितं जागा हुती व्हय?”

“होती. साडेचार ओळी.”

“मला वाटलं, कागूद संपला आसंल.” त्यानं अंगठा आणि तर्जनी फाकवून ती जागा मापली. “नव वरसं बसली आसती की हो ह्यात.”

“बसली असती,” मी म्हणालो.

तो शिव्या देईल, निदान तोंड तरी फिरवेल, अशी मी वाट बघत होतो. इमामबी चहा ठेवून गेली. त्यानं हात धोतराला पुसले, कागदाला काळे डाग पडू नयेत म्हणून कडांनाच धरून घडी घातली आणि माझ्याकडे परत दिली.

“जपून ठेवा, भाऊसाहेब. माझं नाव हाय त्यावर.”

मग त्यानं गिऱ्हाइकाची कात्री उचलली, पात्याच्या धारेवरून अंगठा फिरवून पाहिला, आणि चाक चालू केलं.